रिअ‍ॅक्टरचे आरोग्य पल्परपाशी ठरते: कागद कारखान्यांच्या उत्पादन विभागांना खुले पत्र

प्रति,
कागद कारखान्यांचे व्यवस्थापक, उत्पादन विभागप्रमुख आणि पेपर मशीनवरील पर्यवेक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

कागद कारखान्याच्या सांडपाण्यावर विनॉक्सी पद्धतीने, म्हणजे कारखान्यात आपण सगळे जिला अ‍ॅनारोबिक म्हणतो त्या, रिअ‍ॅक्टर नावाच्या बंद टाकीत ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून काम करून घेण्याच्या पद्धतीने, प्रक्रिया करण्याच्या कामात मी अनेक वर्षे आहे. हे पत्र मी माझ्या क्षेत्रातील सहकाऱ्यांना न लिहिता मुद्दाम आपल्याला लिहीत आहे. रिअ‍ॅक्टर बिघडला की जाब ईटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया, विभागाला विचारला जातो. परंतु तो ज्या कारणाने बिघडला त्याचा उगम बहुतेक वेळा पल्परमध्ये, म्हणजे कागद पाण्यात घुसळून लगदा करणाऱ्या यंत्रात, रसायनांच्या डोसिंग पंपावर किंवा मशीन धुण्याच्या वेळापत्रकात सापडतो, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या अखत्यारीत येतात. त्या ठरवताना रिअ‍ॅक्टरचा विचार व्हावा आणि ठरल्यावर तेथे काम करणाऱ्यांना आधी कळवले जावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच आहे.

ही पद्धत कारखान्याला काय देते ते प्रथम आकड्यांत मांडतो, कारण उत्पादन विभागात हा हिशेब क्वचितच पोहोचतो. समजा, टाकाऊ कागदापासून खोक्यांचा कागद बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यातून दिवसाला 5000 घनमीटर सांडपाणी निघते आणि त्याचा सीओडी, म्हणजे त्यातील घाणीच्या रासायनिक ऑक्सिडेशनला लागणारा ऑक्सिजन, लिटरला 3000 मिलिग्रॅम आहे. म्हणजे रोज 15 टन सीओडी झाला. नीट चालणारा विनॉक्सी रिअ‍ॅक्टर त्यातला सुमारे 75 टक्के काढतो, आणि काढलेल्या दर किलो सीओडीमागे जास्तीत जास्त 0.35 घनमीटर मिथेन मिळू शकतो, हे प्रमाण रसायनशास्त्रानेच बांधून दिलेले आहे. थोडा मिथेन पाण्यात विरघळून निघून जातो आणि थोडे अन्न सूक्ष्मजीवांच्या स्वतःच्या वाढीला लागते. ती घट धरण्यापूर्वीचा आकडा दिवसाला 3900 घनमीटरच्या आसपास येतो, आणि त्यातली उष्णता मध्यम प्रतीच्या सुमारे 7 टन कोळशाइतकी भरते. हाच भार थेट एरेशन टाकीत नेला, तर हवा फुंकणाऱ्या ब्लोअरना रोज काही हजार युनिट वीज लागते, आणि वर दर किलो सीओडीमागे 300 ते 400 ग्रॅम कोरडा गाळ तयार होतो, जो निथळून, दाबून, वाहून नेऊन कुठेतरी टाकावा लागतो. विनॉक्सी पद्धतीत हा गाळ 50 ते 100 ग्रॅमवर येतो, आणि तो दाणेदार व सकस असेल तर नव्या रिअ‍ॅक्टरमध्ये घालण्यासाठी दुसरे कारखाने तो विकत घेतात.

या पद्धतीकडून काय अपेक्षू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. ती एकटी पुरत नाही. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सीओडी उरतोच, म्हणून तिच्यामागे लहानशी एरेशन टाकी हवीच. लिग्निनचा तपकिरी रंग तिच्याने जात नाही. लाकडापासून किंवा शेतीतील काड-भुश्यापासून लगदा शिजवल्यावर निघणारा काळा द्रव, म्हणजे ब्लॅक लिकर, तिच्यात सरसकट सोडणे चूक आहे. त्याची जागा रिकव्हरी बॉयलरमध्ये आहे. मात्र त्याच कारखान्यातील बाष्पीभवन यंत्रांचे मिथेनॉलयुक्त कंडेन्सेट, किंवा उसाचा चोथा धुतल्यावर निघणारे पाणी या पद्धतीला चांगले मानवते. तामिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स या कंपनीने चोथ्याच्या धुवणापासून मिळालेला बायोगॅस चुनाभट्टीत जाळून फर्नेस ऑइलची बचत केली, हे या उद्योगात सर्वांना माहीत आहे.

हे तंत्र आता प्रयोगावस्थेतले नाही. नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठात गात्झे लेटिंगा यांनी 1970 च्या दशकात बीट साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करताना यूएएसबी रिअ‍ॅक्टर विकसित केला. पाणी खालून वर चढते, वाटेत सूक्ष्मजीवांच्या दाट थरातून गाळले जाते, आणि वरच्या टोकाला गॅस, पाणी व गाळ वेगळे होतात. आत फिरणारे एकही यंत्र नाही. पुढच्याच दशकात डच कागद कारखान्यांनी ते स्वीकारले. एरबेक येथील कागद कारखान्यांनी तर एकत्र येऊन सामायिक प्रक्रिया केंद्र चालवले, आणि जर्मनीतील झुल्पिख येथील कारखान्याने 1990 च्या दशकात पाण्याचे चक्र बंद करून विनॉक्सी टप्पा थेट त्या चक्रातच बसवला. साध्या यूएएसबी रिअ‍ॅक्टरमध्ये दर घनमीटरला दिवसाला 5 ते 15 किलो सीओडीचा भार घेता येतो. उंच आणि वेगवान प्रवाहाच्या नव्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो 20 ते 30 किलोपर्यंत नेतात. तंत्र सिद्ध आहे. तरीही अनेक कारखान्यांत ते अर्ध्या क्षमतेने रखडत चालते, आणि मला त्याच रखडण्याबद्दल बोलायचे आहे.

रिअ‍ॅक्टरच्या तळाच्या नळातून नमुना काढून काचेच्या मापपात्रात घ्या. गाळ निरोगी असेल तर 1 ते 3 मिलिमीटरचे काळेभोर, गोलसर, गुळगुळीत दाणे दिसतील. पात्र हलवून ठेवले की मिनिटाभरात ते तळाशी बसतात आणि वरचे पाणी मोकळे होते. या एकेका दाण्यात सूक्ष्मजीवांच्या निरनिराळ्या टोळ्या खेटून राहतात. काही स्टार्च आणि सेल्युलोजचे तुकडे फोडतात, काही त्या तुकड्यांची आम्ले बनवतात, काही त्या आम्लांचे अ‍ॅसिटिक आम्ल व हायड्रोजन करतात, आणि शेवटचे त्यापासून मिथेन बनवतात. हे शेवटचे मिथेनजनक जिवाणूसुद्धा नव्हेत. ते आर्किया या वेगळ्या, अतिप्राचीन कुळातले आहेत, आणि सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. एरेशन टाकीतील जिवाणूंना संख्या दुप्पट करायला काही तास पुरतात. अ‍ॅसिटिक आम्लावर जगणाऱ्या मिथेनजनकांना त्यासाठी काही दिवस लागतात. म्हणून एरेशन टाकीला बसलेला धक्का आठवड्यात भरून निघतो, तर विनॉक्सी रिअ‍ॅक्टरला बसलेल्या जबर धक्क्यातून सावरायला महिने जातात. मशीनवर अर्ध्या तासात उरकलेल्या एखाद्या कामाची किंमत ईटीपीत तीन महिने मोजावी लागते, याचे कारण हा वाढीचा वेग आहे.

आता टाकाऊ कागदाच्या कारखान्यांतल्या सर्वांत जुन्या दुखण्याकडे येतो, ते म्हणजे कॅल्शियम. हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण ते कुठून सुरू होते ते समजल्याशिवाय आपल्या हातात काय आहे ते कळणार नाही. टाकाऊ कागदाबरोबर दोन गोष्टी पल्परमध्ये येतात: पृष्ठभागावर लावलेला स्टार्च आणि फिलर किंवा लेप म्हणून वापरलेले कॅल्शियम कार्बोनेट. स्टार्च पाण्यात विरघळतो. लगद्याच्या चेस्टमध्ये, म्हणजे साठवण टाकीत, आणि व्हाइट वॉटरच्या, म्हणजे मशीनवर कागदातून निथळलेल्या पाण्याच्या, टाक्यांत पाणी कोमट असते, हवा कमी असते आणि ते बराच वेळ साचून राहते. तिथे जिवाणू त्या स्टार्चची आम्ले बनवतात. आम्ल तयार झाले की ते शेजारच्याच कॅल्शियम कार्बोनेटला विरघळवते. जो पदार्थ कागदात घट्ट बसून राहायला हवा होता, तो अशा रीतीने पाण्यात उतरतो, आणि कारखान्याने पाणी वाचवण्यासाठी चक्र जितके आवळले असेल तितके त्याचे प्रमाण चढत जाते; लिटरला कित्येकशे मिलिग्रॅम विरघळलेले कॅल्शियम अशा सांडपाण्यात सर्रास आढळते. मग ते पाणी रिअ‍ॅक्टरमध्ये येते. तिथे मिथेनजनक नेमके ते आम्ल खाऊन टाकतात, आणि कॅल्शियमला विरघळलेले ठेवणारा आधारच नाहीसा होतो. कॅल्शियम पुन्हा कार्बोनेट होऊन बसते, पण आता दाण्यांच्या अंगावर, दाण्यांच्या आत, वितरण नळ्यांच्या तोंडाशी आणि पुढच्या पाइपांत.

असे कॅल्शियम चढलेले दाणे बोटांमध्ये चोळले तर वाळूसारखे कचकचतात, आणि त्यांचा काळा रंग राखाडी पडलेला असतो. ते इतके जड होतात की पाण्याचा प्रवाह त्यांना उचलू शकत नाही. ते तळाशी थिजून बसतात, पाणी त्यांच्यातून न जाता बाजूने वाट काढते आणि अन्न आतल्या सूक्ष्मजीवांपर्यंत पोहोचत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात रिअ‍ॅक्टरमधला एकूण गाळ भरपूर दिसतो. पण तो जाळून पाहिला तर दोन-तृतीयांशाहून अधिक राखच उरावी, अशी अवस्था झालेली असते. जड दाणे हायड्रोसायक्लोनने वेगळे करणे, रिअ‍ॅक्टरच्या आधी किंवा नंतर कार्बन डायऑक्साइड उडवून कॅल्शियम ठरावीक टाकीत बसवणे, असे उपाय आहेत, आणि आम्ही ते करतो. परंतु हे सारे नंतरचे उपचार आहेत. आम्ल मशीनच्या चक्रात किती बनते ते आपण ठरवता. लगद्याच्या आणि पाण्याच्या टाक्या गरजेपेक्षा जास्त भरून ठेवल्या, ढवळणी बंद असलेले मृत कोपरे साफ केले नाहीत, ब्रोक, म्हणजे मशीनवर वाया गेलेला कागद, चेस्टमध्ये दिवसेंदिवस पडून राहिले, की स्टार्च आम्लात जातो. त्यात नुकसान केवळ रिअ‍ॅक्टरचे होते असे नाही. तो स्टार्च कागदाला बळकटी देण्यासाठी पुन्हा उपयोगी पडू शकला असता, आणि ते फिलर कागदाचे वजन म्हणून विकले गेले असते.

इथे एक खरा पेच आहे आणि तो मी लपवणार नाही. चक्रातली आम्लनिर्मिती रोखायची तर बायोसाइड लागते, आणि बायोसाइड हे सूक्ष्मजीव मारण्यासाठीच असते. ते शिल्लक राहून रिअ‍ॅक्टरपर्यंत पोहोचले तर तिथलेही मारते. बायोसाइड बंद करा, असे म्हणणे मला पटत नाही. तसे केले तर मशीनवर स्लाइम, म्हणजे सूक्ष्मजीवांचा चिकट थर, माजतो, कागद तुटतो आणि आम्ल वाढते ते निराळेच. माझे म्हणणे निवडीबद्दल आणि डोसबद्दल आहे. जे रसायन पाण्यात काही तासांत आपोआप विघटित होते ते, टिकून राहणाऱ्या रसायनापेक्षा, सांडपाणी प्रक्रियेच्या दृष्टीने बरे. लहान, नियमित मात्रा एकदम ओतलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा बरी. आणि पुरवठादार बदलला किंवा नवे रसायन चाचणीसाठी आले, तर ते मशीनवर जाण्याआधी त्याची बाटली आमच्या प्रयोगशाळेत यावी. रिअ‍ॅक्टरमधला मूठभर गाळ बंद बाटल्यांत घालून, अपेक्षित मात्रेत ते रसायन मिसळून, काही दिवस मिथेन मोजण्याची चाचणी सोपी आहे आणि तिला फारसा खर्च येत नाही. सांडपाण्यात येऊ शकणारा हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धातू बांधून ठेवणारी डीटीपीएसारखी चिलेटिंग रसायने यांनाही हाच नियम लावावा.

बॉइल-आउटबद्दल वेगळे लिहितो, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक धक्के त्यातूनच बसतात. मशीन थांबवून गरम कॉस्टिकने सर्व पाइप आणि टाक्या धुणे आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ते काम बहुधा रात्री होते, धुवण एकदम गटारात सोडले जाते, आणि इक्वलायझेशन टाकीवरचा, म्हणजे सांडपाणी आधी एकत्र मिसळणाऱ्या टाकीवरचा, पीएच मीटर पहाटे 11 दाखवू लागतो तेव्हा ईटीपीत पाळीवर एकच ऑपरेटर असतो. टाकी मोठी असेल आणि आम्ल डोसिंग वेळेवर चालू झाले, तर निभावते. नसेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गॅस मीटरचा आलेख खाली येतो, तिसऱ्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पाण्यातील वाष्पशील आम्ले वाढतात आणि भार निम्म्यावर आणावा लागतो. उरलेला निम्मा भार एरेशनवर पडतो आणि तिथला विरघळलेला ऑक्सिजन संपतो. आणि हे सारे टाळण्यासाठी हवी असते ती आदल्या दिवशीची एक सूचना आणि ते धुवण वेगळे साठवून चार-पाच दिवसांत थोडे थोडे सोडण्यासाठी एक रिकामी टाकी. ज्या कारखान्यांत अशी टाकी आहे, तिथेही ती जुन्या ब्रोकने भरलेली मी पाहिली आहे. ती रिकामी ठेवणे हेच तिचे काम आहे.

तुरटीचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम सल्फेटचा वापर हा असाच आपल्या हातातला विषय. सल्फेट रिअ‍ॅक्टरमध्ये आले की सल्फेट खाणारे जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. दर किलो सल्फेटमागे सुमारे 0.67 किलो सीओडी त्यात खर्ची पडतो, म्हणजे तेवढा मिथेन गेला. शिवाय तयार झालेला सल्फाइड मिथेनजनकांना विषारी ठरतो, आणि पीएच 7 च्या खाली घसरला तर अधिकच. सीओडी सल्फेटच्या 10 पटीहून जास्त असेल तर सहसा त्रास होत नाही. गुणोत्तर त्याखाली येऊ लागले, की तुरटीऐवजी सल्फेट नसलेले दुसरे रसायन, उदाहरणार्थ पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, मशीनवर चालते का ते पाहावे.

हायड्रोजन सल्फाइडचा विषय केवळ गंजलेल्या गॅस इंजिनाचा नाही. कागद कारखान्यांत साचलेल्या लगद्याच्या टाक्यांत, संपमध्ये (सांडपाणी जमा होण्याच्या खड्ड्यात) आणि बंद चेस्टमध्ये माणसे उतरतात आणि या वायूने मरतात. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण 100 पीपीएमच्या आसपास घ्राणेंद्रियच बधिर होते आणि वास येईनासा होतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, हा समज प्राणघातक आहे. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा आणि तिसरा उतरतो, आणि तिघेही जातात, ही घटनांची ठरून गेलेली साखळी आहे. वायुमापक, सक्तीचे वायुवीजन, बाहेर उभा असलेला सहकारी आणि लेखी परवाना यांशिवाय कोणालाही टाकीत उतरू देऊ नका, मग मशीन कितीही वेळ थांबून राहो. या पत्रातले बाकी सारे बाजूला ठेवले तरी एवढे मात्र पाळा.

इतर गोष्टी थोडक्यात लिहितो. सेव्ह-ऑलमधून, म्हणजे पाण्यातले तंतू परत मिळवणाऱ्या यंत्रातून, निसटणारे तंतू रिअ‍ॅक्टरमध्ये पचत नाहीत, दाण्यांमध्ये अडकून बसतात आणि हळूहळू त्यांना बाहेर ढकलतात. क्लॅरिफायर, म्हणजे निवळण टाकी, त्यातले बरेचसे पकडतो, पण सारे नाही, आणि शिवाय ते तंतू आपलाच माल आहेत. कागदाच्या सांडपाण्यात नायट्रोजन व फॉस्फरस जवळजवळ नसतात, त्यामुळे ते बाहेरून द्यावे लागतात. एरेशनच्या तुलनेत फार कमी लागतात, तरीही खर्चकपातीत पहिली कात्री त्यांनाच लागते, आणि ते योग्य नाही. निकेल आणि कोबाल्ट यांची अत्यल्प मात्राही मिथेनजनकांना हवी असते. सांडपाण्याचे तापमान 30 ते 38 अंशांच्या दरम्यान राहावे. त्यात नेमक्या अंशापेक्षा स्थैर्य अधिक मोलाचे.

गॅसबद्दलही दोन शब्द. मिथेन हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या 27 पटींहून अधिक तापवणारा वायू आहे. रिअ‍ॅक्टर बसवूनही गॅस होल्डर गळका असेल, फ्लेअर (जादा गॅस जाळण्याची मशाल) विझलेला असेल, किंवा बॉयलर विभाग गॅस घ्यायला तयार नसेल, तर पर्यावरणाच्या नावाने आपण उलटेच काम करतो. काही कारखान्यांत गॅस वर्षानुवर्षे फ्लेअरवर जळतो, कारण बर्नर बदलण्याचा प्रस्ताव दोन विभागांच्या अंदाजपत्रकांमध्ये अडकलेला असतो. या गॅसची किंमत कोळशाच्या किंवा तेलाच्या दराने काढून ती दरमहा उत्पादन खर्चाच्या तक्त्यात, आपल्या नावासमोर जमा दाखवावी, अशी माझी व्यवस्थापकांना विनंती आहे. बॉइल-आउटचे धुवण गटारात सोडल्याने किती रुपयांचा गॅस बुडाला, हे त्याच तक्त्यात दिसू लागले की आमच्यापैकी कोणाला पत्रे लिहावी लागणार नाहीत.

याखेरीज माझी विनंती दैनंदिन कामातल्या तीन गोष्टींची आहे. रिअ‍ॅक्टरच्या गॅस मीटरचा चालू आकडा पेपर मशीनच्या नियंत्रण कक्षातील पडद्यावर दिसावा. तो अचानक खाली आला, तर मागच्या चोवीस तासांत काय बदलले हे सांगू शकणारी माणसे तिथेच बसलेली असतात. सकाळच्या उत्पादन बैठकीत वाष्पशील आम्ले आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) यांचे गुणोत्तर रोज वाचले जावे, ते 0.3 च्या वर सरकू लागले, की गॅस घटण्यापूर्वीच, सहसा एक-दोन दिवस आधी, इशारा मिळालेला असतो. आणि ईटीपीतील ऑपरेटरने रात्री मशीनवर फोन करून काय सोडले असे विचारले, तर त्याला खरे उत्तर मिळावे, आणि ते दिल्याबद्दल कोणावर कारवाई होऊ नये. चुकीच्या उत्तरामुळे वाया गेलेला अर्धा दिवस कोणत्याही गळतीपेक्षा महाग पडतो.

आपल्यापैकी अनेक कारखान्यांत वार्षिक शटडाउनचे नियोजन उत्पादन, यांत्रिकी आणि विद्युत विभाग मिळून करतात आणि ईटीपीला तारखा कळवल्या जातात. यापुढे त्या नियोजनाच्या पहिल्याच बैठकीला ईटीपीच्या अभियंत्याला बोलवावे. शटडाउनच्या काळात दाणे उपाशी राहतील ही काळजी नको. ते कित्येक आठवडे अन्नावाचून राहू शकतात आणि पुन्हा कामाला लागतात. धोका असतो तो टाक्या रिकाम्या करताना आणि मशीन परत सुरू करताना, जेव्हा साचलेले आंबलेले पाणी, धुवणाचे कॉस्टिक आणि नव्या रसायनांचे पहिले डोस एकाच वेळी खाली येतात. त्या दिवसांत कोणती टाकी केव्हा आणि किती वेगाने रिकामी करायची, याचा तासवार तक्ता दोन्ही विभागांनी एकत्र बसून, दोघांच्या सहीने तयार करावा.

आपला विश्वासू,
सांडपाणी प्रक्रिया विभागातील एक अभियंता